रोजच्या वापरासाठी

नाही, ते ठेवा खाली. ते तुमच्यासाठी नाही — विकायला काय, मी तेही विकेन, काचेच्या कपाटात सगळ्यांत पुढे दाजींनी मुद्दाम तेच लावलंय, दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, दुकान त्यांचं, मी आपला काउंटरला बसतो — पण एकवीस हत्यारं आहेत त्यात, आणि तुम्ही मला सांगा, माशाचे खवले शेवटचे कधी काढले होते तुम्ही? हे बघा, हे दातेरी पातं त्यासाठीच आहे. हसू नका. मागे एक गृहस्थ हेच घेऊन गेले, आठ दिवसांनी परत हजर, म्हणे खिशाला भोक पडलं. पडणारच. हा एवढा लोखंडाचा गोळा खिशात घातला की माणूस चालताना एका बाजूला कलतो. मग ते खिशातून बॅगेत जातं, बॅगेतून ड्रॉवरमध्ये, आणि ज्या दिवशी खरंच गरज पडते त्या दिवशी आपण स्वयंपाकघरातल्या सुरीनं स्क्रू फिरवत बसतो आणि सुरीचं टोक मोडतो. मल्टिटूल घेताना एकच विचारायचं स्वतःला — मला रोज काय लागतं? कधीतरी काय लागेल ते नाही. रोज. काल काय लागलं, परवा काय लागलं. सांगा बरं.

हं, सायकल. पार्सलं फोडायला. खुर्चीचा स्क्रू ढिला होतो, बरोबर. नळ — नळाचं नाव काढू नका, नळासाठी पाना वेगळा घ्यायचा, मल्टिटूलनं नळ आवळायला गेलात तर नळही जाईल आणि हेही जाईल. म्हणजे तुम्हाला लागतं काय, तर पक्कड, एक पातं, दोन स्क्रू-ड्रायव्हर आणि बारकी कात्री. झालं. हे मधल्या मापाचं घ्या. हातात घ्या, असं चिमटीत नाही, मुठीत. आता एका हातानं उघडून दाखवा. बघा, नाही ना जमत — मग हे नको. कामाच्या वेळी दुसरा हात रिकामा नसतो कधीच, दुसऱ्या हातानं माणूस काहीतरी धरून असतो, शिडी म्हणा, तार म्हणा, कोणाचं मनगट म्हणा. एका हातानं उघडतं तेच आपलं, हे दुसरं बघा, त्याच मापाचं. आणि पातं उघडलं की टक असा आवाज झाला पाहिजे, खटका बसल्याचा, नाहीतर जोर दिला की पातं उलटं मिटतं आणि बोट जातं. पक्कड मिटून उजेडाकडे धरायची — जबड्यातून उजेड दिसला तर सरळ परत ठेवून द्यायची, कितीही चकचकीत असू दे.

हे? हे माझं आहे. नाही, विकायचं नाही, पट्ट्याला असतं कायम, वीस वर्षं होतील आता. जहाजावर होतो मी, इंजिनच्या खोलीत फिटर. लोक विचारायचे, सात-सात महिने समुद्रावर कोंडल्यासारखं होत नाही का हो? मी म्हणायचो, छे. खोली लोखंडाची, खिडकी नाही, खाली यंत्रांचा गोंगाट, सगळं खरं — पण ती खोली चालत असते हो. तुम्ही झोपलात तरी सकाळी दुसरीकडे असता. तेवढं पुरतं माणसाला.

नजर आहे तुमची. हो, पाती नाहीत त्यात. दोन पाती आणि करवत, तिन्ही काढलीत, शेगड्यात धरून, पिना ठोकून — शेगडा म्हणजे वस्तू घट्ट आवळून धरायचा, तो पलीकडे टेबलाला लावलाय ना, तो. मोडली नाहीत, मीच काढली. आमच्या अण्णांसाठी काढली. अण्णा म्हणजे वडील. पंपाच्या कारखान्यात फिटर होते, अडतीस वर्षं, कान लावून सांगायचे कुठला पंप खराब आहे ते. आता ब्याऐंशीचे आहेत. विसरतात. म्हणजे चष्मा कुठे ठेवला ते नाही — मी कोण ते.

आई होती तोवर कोणाच्या लक्षातच आलं नाही, ती सगळं झाकून न्यायची. ते विचारायचे, मी जेवलो का, ती म्हणायची, आत्ताच तर उठलात पानावरून. दहा वेळा विचारलं तर दहा वेळा तेच, त्याच आवाजात. ती गेली तेव्हा मी तीन आठवड्यांची रजा घेऊन आलो, आणि पंधरा दिवसांत सगळं उघडं पडलं. ताई म्हणाली, मी नेते माझ्याकडे. नेलं. चौथ्या दिवशी परत आणून सोडलं — तिच्या सासूबाईंना ते कारखान्यातला भांडार-कारकून समजत होते आणि हिशेब मागत होते बेअरिंगांचा, दाराआड उभे राहून. मग मी म्हटलं, मी थांबतो थोडे दिवस. कंपनीला कळवलं, रजा वाढवली, परत वाढवली, शेवटी त्यांनीच लिहिलं की नाव कमी करतोय. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे सगळ्यांनाच ते सोयीचं वाटलं, कोणी बोलून नाही दाखवलं, पण वाटलं. चार वर्षं झाली त्या तीन आठवड्यांना. नाही, तक्रार नाही, तुम्ही पात्यांचं विचारलंत म्हणून सांगतोय.

तर त्यांच्या हातांना चैन पडेना. दिसेल तो स्क्रू काढायचे — नखांनी, चमच्यानं, नाण्यानं. एकदा पंख्याचं बटण काढलं, आत जिवंत तारा. मग मी एक फळी आणली, त्यात बारा स्क्रू बसवले आणि हे हातात दिलं, पाती काढून. अहो, काय सांगू, माणूस बदलला. बारा काढायचे, ओळीत लावायचे, बारा बसवायचे. मला विचारायचे, माल कुठे जाणार? मी म्हणायचो, बंदरावर. म्हणायचे, मग नीट आवळले पाहिजेत. दोन-दोन तास जायचे त्यात. त्याच दोन तासांच्या जिवावर मी दुकानात यायला लागलो, सकाळच्या वेळी, दाजी म्हणाले, येत जा, तुलाही चार माणसं दिसतील. निघताना त्यांच्या खोलीला बाहेरून किल्ली फिरवायचो. हळूच, आवाज न करता. मला वाटायचं, कळत नसेल त्यांना.

आणि मग तो रविवार. दुकान बंद होतं, मी घरीच. साडेदहाच्या सुमाराला त्यांना आंघोळ घालून खोलीत आणलं, स्टुलावर बसवलं, हातात हे दिलं, आणि मी पाठ करून गादीवरची चादर बदलत होतो. आंघोळीनंतर गार वारा नको म्हणून दार लोटून घेतलेलं, लॅच बसलेलं. चादरीचे चार कोपरे दाबून वळतो तर हे दारापाशी उभे, आणि दाराचं आतलं हँडल स्टुलावर. चार स्क्रू शेजारी ओळीत लावलेले, लहान लहानांत, मोठे मोठ्यांत. मी पुढे होईपर्यंत त्यांनी बोटानं ती मधली सळई ढकलली — हँडलच्या आरपार जाणारी ती चौकोनी सळई असते ना, ती — ती गेली पलीकडे, तिच्याबरोबर बाहेरचं हँडलही गेलं, खण्ण करून पडलेलं ऐकू आलं. बसलो दोघं आत. खिडकीला गज, समोर हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत. फोन स्वयंपाकघरात. ताई रविवारी चारला येते, तिच्याकडे बाहेरच्या दाराची किल्ली असते. म्हणजे साडेपाच तास. चार वाजता ती आली, मी हाक मारली, तिनं सळई उचलून भोकात घातली, फिरवली, झालं. दाराशीच बसून रडली बिचारी. मग सगळ्यांना फोन करून सांगत सुटली, माझा भाऊ साडेपाच तास कोंडला गेला, अण्णांना घेऊन, पाण्याच्या एका तांब्यावर, आणि एका शब्दानं त्यांच्यावर ओरडला नाही. आत्याचा फोन आला, दाजींच्या मित्रांचे आले. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं वगैरे. तर म्हणून सांगतो, हत्यार घेताना —

काय म्हणालात?

हो. हे होतं ना. हे आतच होतं, अण्णांच्या हातात.

तुम्ही पहिलेच हं, हे विचारणारे. ताईनं नाही विचारलं. दाजी आयुष्यभर हत्यारं विकतात, त्यांनी नाही विचारलं. हा बघा, हा रुंद टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर, हा त्या चौकोनी भोकात तिरका घातला की कोपऱ्यांत अडकतो, मग मनगट एवढंसं फिरवायचं. दोन मिनिटांचं काम. दोन कसले, अर्ध्या मिनिटाचं. जहाजावर अशी दारं मी अंधारात उघडलीत. मला ठाऊक होतं हो. पहिल्या क्षणाला ठाऊक होतं. मी त्यांच्या हातातून हे घेतलं, टोक उघडलं, दारापाशी गुडघ्यावर बसलो — आणि तसाच बसून राहिलो. का ते विचारू नका. म्हणजे विचारा, पण मला नीट सांगता येत नाही. बाहेर भांडी पडली होती, कपडे भिजत होते, औषध आणायचं होतं, फोन वाजत होता, आणि मी कुठेही जाऊ शकत नव्हतो. कोणी काही म्हणू शकत नव्हतं. आणि दार — दार मी लावलं नव्हतं. त्या खोलीचं दार चार वर्षांत पहिल्यांदा असं बंद झालं होतं की ते मी बंद केलेलं नव्हतं.

अण्णा बघत होते. म्हणाले, "कसला फिटर आहेस? तिरकं घाल आणि फिरव." सगळं विसरलेत, ते नाही विसरले. मी म्हटलं, राहू दे ना अण्णा, जरा बसू. ते म्हणाले, बस, शिफ्ट सुटायला वेळ आहे. आणि माझ्याशेजारी येऊन बसले, जमिनीवर, भिंतीला टेकून. मी त्यांना हात देऊन बसवलं. खूप दिवसांनी आम्ही असे बाजूबाजूला बसलो, नाहीतर मी कायम उभा आणि ते बसलेले, भरवताना, पुसताना. मला विचारलं, कुठल्या खात्यातला तू? मी म्हटलं, मशीन शॉप. नवीन दिसतोस. म्हटलं, हो, नवीनच. मग बराच वेळ कारखान्याचं बोलत होते, कुठल्या लेथवर कोणाचं बोट गेलं, कोण साहेब कसा होता, मी ऐकत होतो, मजेत ऐकत होतो, खोटं कशाला बोलू. आणि मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "माझा मुलगा जहाजावर असतो. येणार आहे आता."

मी म्हटलं, हो का.

म्हणाले, "तो येईपर्यंत माझ्यासाठी एक माणूस ठेवलाय. चांगला आहे बिचारा. आंघोळ घालतो, जेवायला देतो, सगळं करतो. पण कंटाळलाय. मला दिसतं ना. त्याचंही घर असेल कुठेतरी, बायका-पोरं असतील. जाताना मला कोंडून जातो. मी काही बोलत नाही, त्याला वाईट वाटेल. किल्ली इतकी हळू फिरवतो तो, की मला वाटतं, ह्याला आपण कळू द्यायचं नाही."

ते म्हणाले, "मुलगा आला की पहिलं त्यालाच सांगणार आहे, ह्या माणसाला सोड आता. सुट्टी दे त्याला."

हं. पाणी? हे काय, इथेच आहे बाटली. थांबा.

तर असं. आणि ह्यानंतर तरी मी उठावं की नाही? माणूस उठेल. मी नाही उठलो. एकची गोळी चुकली. दोनच्या सुमाराला त्यांना भूक लागली, मला म्हणाले, कँटीनची घंटा झाली नाही का अजून. मी म्हटलं, होईल. खोलीत बिस्किटांचा पुडा होता, अर्धा, तो दिला. तीनला परत म्हणाले. मग रडवेले झाले, पोट धरून बसले, आणि हे माझ्या हातात होतं, टोक उघडलेलं, आणि दार हे इथे, तुमच्या-माझ्यात आहे त्याहून जवळ. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि मनात म्हणत होतो, एक तास फक्त. आता ताई येईलच. ती आली तेव्हा मी हे मिटलं आणि उशीखाली सरकवलं. ते बघत होते. मला अजून वाटतं, त्या वेळी त्यांना सगळं कळत होतं — मी कोण, ते कोण, उशीखाली काय. मग वाटतं, नसेल. कळून घ्यायला काही मार्ग नाही.

पुढे काय व्हायचं? ताईनं त्या दाराचं लॅच, कुलूप, सगळं काढायला लावलं. ती म्हणाली, परत असं नको. मला बरं वाटलं, खोटं नाही सांगत, किल्लीच राहिली नाही तर फिरवायची कुठली. तिसऱ्या दिवशी मी दुकानात आणि अण्णा बाहेर. बाहेरचं दार मी ओढून घेतलं होतं, पण त्यांनी आतून उघडलं आणि गेले. साडेतीन तास शोधत होतो. सापडले कुठे, तर कारखान्याच्या जागेवर. कारखाना नाही आता, इमारती आहेत, उंच उंच. फाटकाशी उभे होते, अनवाणी, एका पायाला काच लागून रक्त. तिथल्या रखवालदारानं खुर्ची दिली तर बसेनात, म्हणाले, भोंगा झाल्याशिवाय बसायचं नाही. मला बघून रखवालदाराला म्हणाले, आला, हाच तो माझा माणूस. मी त्यांना पाठीवर घेऊन आलो. वजन काही नाही हो. पिशवीइतकं.

त्या दिवशी संध्याकाळी मी इथून कडी नेली, ती त्या तिसऱ्या खणातली, आडवी, आणि त्यांच्या खोलीच्या दाराला बाहेरून ठोकली. ठोकताना आवाज होतोच, तो काही हळू करता येत नाही. ते आतून म्हणाले, कोण आहे रे, सरळ ठोक. ताईनं बघितली, म्हणाली, तुला योग्य वाटेल तसं. आता त्यांच्याकडे फळी आहे आणि साधा लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर आहे. हे मी परत पट्ट्याला लावलं. पाती परत बसवता येतात ह्याची, पिना ठेवल्यात मी जपून, पण बसवत नाही.

आत्ता? आत्ता म्हणजे — आत्ता कोण आहे त्यांच्याजवळ?

बाई येते. सकाळी नऊला येते, साडेबाराला जाते, तिला पुढचं घर असतं. जेवू घालते, कडी लावते आणि जाते, आणि मी इथून निघतो, सात मिनिटं लागतात चालत. हो. दिसतंय मला घड्याळ. दोन वाजून दहा मिनिटं. नाही नाही, तुमच्यामुळे नाही, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता, तुम्ही आला नसतात तर मी खिळ्यांचे डबे पुसत बसलो असतो. काल पुसले. परवा सगळ्या वायरी गुंडाळल्या, दाजी म्हणाले, किती काम करतोस. रोज निघतो मी, अगदी पिशवी काखेत घेतो, दिवा बंद करतो, आणि मग म्हणतो, एखादं गिऱ्हाईक आलं तर. आणि नाही आलं तर थांबतो, येईल म्हणून. ते ओरडत नाहीत हो, बसून असतात. आरडाओरडा करणारे नाहीत ते.

हे न्या. हेच, मधलं, एका हातानं उघडणारं. पावती खोक्यात घातलीय. तेलाचा थेंब महिन्यातून एकदा, बिजागरीत, जास्त नको. आणि निघा तुम्ही आता, मला शटर ओढायचंय. नाही, हात नका लावू, बाहेरून नाही ओढायचं, मी आतून ओढतो. थोडा वेळ. पाच मिनिटं. निघा.